एका गावात अकरा रोसिया

— नाई जी, नाई, एकच पोट्टी नाई ते! अकरा हायेत, अलग अलग अकरा, अन् ते नावं खोडाची तांबड्या शाईची दौत पहिले बाजूले ठेवा पाहू. तुमाले वाटून राहिलं का गावानं एकच पोट्टी मागच्या दारानं पळवत नेली अन् घरोघरी उभी केली — काहून करंन कोणी असं? खानेसुमारीवाला आला म्हटल्यावर लोक लेकरं कणगीआड लपवतात, उद्या डोक्यावर पट्टी बसंन म्हणून — जास्तीचं पोट्टं दाखवणारं गाव पाह्यलं काय कुठं? हाव, खुशालराव पाटलाच्या घरी रोसिया, शेषरावाच्या घरी रोसिया, गफ्फार गाडीवानाच्या घरी बी रोसिया, अन् आता या मनकर्णाच्या दारात आले तर इथं बी रोसिया — तुमचं डोकं फिरलं, कबूल! पण अकराच्या अकरा माह्या हातावर झाल्या जी. मी सुईण हाये या गावची. नाळ मी कापली, मले मालूम नसंन तर कोणाले? — काय म्हणता? नावाचा अर्थ सांगा, नाईतर लिहीत नाई? पोट्टीच्या मायले विचारतो? — अहो थांबा! सुभद्राले हाक मारू नका. माही सून ते, मागं परसात हाये, पोट्टीले न्हाऊ घालून राहिली, राहू द्या. तिले नका विचारू अर्थ. मले विचारा. सगळं सांगते, पण हळू.

बसा. घोंगडीवर बसा, झाडलेली हाये. पाणी तुमी आमच्या घरचं घेणार नाई, मले समजते, पुण्याचे दिसता — गूळ घ्या, गुळाले काई होत नाई. घेतला? बरं झालं. आता ऐका. चार वर्षांमागची गोष्ट हाये, येत्या पौषात पुरी चार होतील. तवा कापसाले काय भाव होता बाप्पा! तिकडे सात समुद्रापार अमेरिकेत भावाभावात लढाई लागली म्हणे — वावराच्या बांध-धुऱ्यावरून लागली असंन, भावाभावात दुसरं कायचं लागते? — अन् त्यांचा कापूस बंद झाला, तर जगातले सारे कापूसवाले आमच्या दारी. अकोल्याहून अमरावतीच्या वाटेवर साहेबच साहेब. त्यात एक होता इस्पान मुलखाचा. नाई, आपल्या सरकारातला गोरा नाई, हा उन्हानं तांबूस झालेला, काळी दाढी, अन् बोलला का दोन्ही हातानं बोले. त्याच्या गावच्या गिरण्या कापसावाचून उपाशी बसल्या होत्या म्हणे. मले कोणं सांगितलं? त्याच्या बावर्च्यानं. गोव्याचा होता तो, त्याची बोली अर्धी आपल्यावानी, अर्धी तुमी समजून घ्या.

या साहेबाची एक खोड होती. कापसाच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घाले, पार पोटातला मूठभर काढे, अन् गालाले लावे. डोळे मिटून! पाहणाऱ्याले लाज वाटे. अन् ओलसर लागला का बस — गाडी परत. काहून ओलसर? आता — आता तुमी सरकारचे माणूस, पण चार वर्षं झाली, अन् तो भाव बी गेला, सांगते. आमी कापसाले दहिवर पाजत होतो. दहिवर नाई समजत? दव हो, दव, पहाटे गवतावर पडते ते. हिवाळ्यात रात्री खळ्यावर कापूस उघडा टाकायचा, बायांनी पहाटे उठून खालीवर करायचा, म्हणजे साऱ्याले सारखं दहिवर लागते, अन् कापूस जड भरते. — चोरी? चोरी कायची जी, पाणी काय साहेबाच्या बापाचं होतं? वरून देवानं पाडलं, आमी भरून घेतलं. पण हा साहेब पोटात हात घाले ना — तर खुशालराव पाटलानं अक्कल काढली. ढिगाचं पोट कोरडं ठेवायचं, अन् वरचा हातभर थर तेवढा भिजवायचा. घाल हात, लाव गालाले! तुमी हसता, तवा सारं गाव हसलं होतं.

तर त्या दिवशी पहाटे, कोंबडं आरवून गेलं होतं, मी अन् दोघी-तिघी जणी पाटलाच्या खळ्यावर — मी तिथं कायले? — वरचा थर खालीवर करून राहिलो होतो, दुसरं कायले? सांगितलं ना, गावाचं काम होतं. इतक्यात वाटेवरून ओरडा. पाहते तर गफ्फारची गाडी, आख तुटून पार एका अंगावर बसलेली, अन् खाली तो इस्पानवाला अन् त्याचा बावर्ची, अन् आत साहेबाची बायको. पोटुशी! दिवस भरलेली! अमरावतीले कोणी डॉक्टरसाहेब होता, त्याच्याकडे नेत होता, दिवसाउजेडी पोचावं म्हणून अंधारातच निघाला — अन् आमच्या ओढ्यानं गाडी खाल्ली. बाई अशी कण्हत होती का मी आवाजावरूनच ओळखलं, घडीभराची गोष्ट हाये. गावात नेण्याइतका बी वेळ नाई. गफ्फार मले म्हणे, मनकर्णाबाई, अब आपही देखो. पाहू कुठं? उघडं खळं, हाडं गारठवणारी थंडी, अन् समोर तो ढीग. आता तुमीच सांगा — बाळंतिणीले ओल्यात निजवता काय? नाई ना? मऊ अन् कोरडं एकच ठिकाण होतं, ढिगाच्या पोटात.

खुशालराव मागून डोळे वटारून राहिला होता. मान हलवे — नोको, नोको. मी पाह्यलं जी त्याच्याकडे, खोटं कायले बोलू, एक क्षण मी बी थांबली. साऱ्या गावाचा कापूस त्या ढिगावर होता, माह्या सूर्यभानचा बी, माह्या लेकाचा. मंग बाई पुन्हा कण्हली. अन् मी पदर खोचला अन् दोन्ही हातानं वरचा ओला थर ओढला अन् फेकला, त्या साहेबाच्या पायापाशी, लच्च करून पडला तो — अन् आतला कोरडा मोकळा केला, अन् तिले त्यात निजवली. गावाची चोरी या हातानं उघडी केली. गाव मले अजून बोलून दाखवते.

पोट्टी झाली. पांढऱ्या कापसात लालबुंद पोट्टी, अन् आवाज असा का ओढ्यापलीकडे ढोरं उठली. तिकडे उजाडून राहिलं होतं. साहेबानं काय करावं? पायाजवळचा ओला कापूस उचलला. गालाले लावला. खुशालरावाकडे पाह्यलं. खुशालराव जमिनीकडे पाहे. आमाले वाटलं, आता मेलो, आता या गावचं बोंडभर कोणी घेत नाई — अन् तो ढिगात निजलेल्या बायकोले काई बोलला, अन् ते बाई, एवढी थकलेली बाई, ते हसाले लागली, अन् म्हणे, ‘रोसीओ.’ अन् साहेब बी हसाले लागला, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मी बावर्च्याले विचारलं, काय झालं गा, येड लागलं काय यायले? तो माह्या एकटीच्या कानात म्हणे, पोरीचं नाव ठेवलं. रोसीओ म्हणजे दहिवर.

हाव! दहिवरच! आमचं दहिवर त्याले कापसात चालत नव्हतं, अन् लेकीचं नाव दहिवर! पण मंग बावर्च्यानं नीट सांगितलं. त्या मुलखात याच नावाची देवी हाये म्हणे, पाणथळ जागी तिचं ठाणं हाये, मोठी जत्रा भरते, अन् दहिवर तिच्याच कृपेनं पडते असं ते मानतात. त्या बाईच्या आजीचं बी हेच नाव, अन् त्यायच्याकडे गल्लीगल्लीत दोन दोन रोसीओ. तवा तुमी आमच्या अकरा पाहून दौत काढता, इस्पानात गेले असते तर शाई पुरली नसती तुमची! — कापूस? घेतला ना. चार दिवस उन्हात वाळवाले लावला, पुन्हा पुन्हा गालाले लावला, मंग घेतला. जाताना बायकोच्या पेटीतला एक रुमाल बावर्च्याच्या हातानं माह्या घरी धाडला. त्याच सालात तो आपल्या मुलखाले परत गेला, मंग तिकडची लढाई सरली अन् भाव बी गेला. नाव तेवढं राहिलं.

— आमच्या घरात कसं आलं? ते सांगून राहिली ना. जरा तिकडे पाहा, सुभद्रा नाई ना येत? बरं. तवा सुभद्राले बी नववा लागला होता. अन् त्याच्या पहिले… तिचे तीन गेले होते जी. तीन. पहिली पोट्टी, नाव हौसेनं कमळजा ठेवलं, नवव्या दिवशी गेली. लोक म्हणे, चांगलं नाव ठेवलं, नजर लागली. मंग दुसऱ्याले धोंड्या. दगडधोंडा कोण नेईन, नाई का? रांगता रांगता गेला. तिसरीचं नाव उकिरडी — हसू नका, आमच्याकडे असंच हाये, लेकरू वाचत नसलं का नाव असं ठेवाचं का सटवाईले हात लावाची किळस यावी. तिले नाई आली किळस. तिसऱ्या वेळेस सुभद्रा रडली बी नाई. चुलीसमोर बसली होती अन् भाकर जळून राहिली होती, अन् ते पाहे जळताना. मी साऱ्या गावची सुईण, साऱ्या गावची लेकरं या हातानं जिती काढली, अन् माह्या घरचं एक टिकत नव्हतं. काय वाटत असंन मले?

तर चौथ्या खेपेले पाचवीची पूजा मांडली. पाटा-वरवंटा, दौत, कोरा कागद — सटवाई येते ना कपाळावर लिहाले. अन् त्या दौतीकडे पाहता पाहता माह्या डोक्यात आलं. ही सटवाई आपली सारी नावं वळखते, चांगली बी, वाईट बी, धोंड्या बी, उकिरडी बी. पिढ्यान् पिढ्या तेच लिहून राहिली, नाव वाचते अन् उचलते. पण इस्पानचं नाव ते कुठून वाचंन? ते काय तिकडची लिपी शिकली हाये? — तुमाले हसू येते, या, मायच्या पोटातून पोट्टी काढून दाखवा अन् मंग हसा. मी पोट्टीच्या कानात म्हटलं: रोसीओ. आमच्या जिभेवर झालं रोसिया. अन् पोट्टी जगली. नववा दिवस गेला. महिना गेला. दात आले, माती खाल्ली, गोवर आला, गोवर बी गेला. मंग काय, गावात वणवाच! बाई बाळंतीण झाली का मले म्हणे, मनकर्णा, तेच नाव. शेषरावाच्या घरी दोन पोट्ट्या गेलेल्या, तिथं तिसरी रोसिया. पाटलाच्या घरी काहीच दुखणं नव्हतं, पण त्याईले वाटलं आपण मागं कायले राहावं. गफ्फारची आयशाबी म्हणे, गाडी हमारी टूटी थी, नाम पे पहला हक हमारा — तिची रोसियाबी. एकडाव पाण्याच्या झिऱ्यावर कोणी ‘रोसिया!’ म्हणून हाक मारली तर सात पोट्ट्या धावल्या.

अन् सारेच अर्थ विचारतात हो, तुमच्यावानीच! मी काय सांगू? दहिवर म्हणून सांगितलं तर दोन गोष्टी होतात. एक तर साऱ्याईले आपली खळ्यावरची चोरी आठवते. अन् दुसरी… तर ज्याले जे लागते ते सांगितलं. पाटलाच्या घरी म्हटलं, रोसिया म्हणजे राणी. आयशाबीले म्हटलं, मोती. शेषरावाची बायको खमकी हाये, तिले सांगितलं तलवार, ते खूश. — खण? हाव, कोणी खण दिला, कोणी नारळ, मी मागितला नाई… बरं, एकदा मागितला. अन् सुभद्राले मी सांगितलं, गारगोटी. नदीतली पांढरी गारगोटी असते ना, पाण्यात पडो का उन्हात पडो, तिले काई होत नाई. तिले तेच पाहिजे होतं. तेवढं ऐकून ते चार महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली जी.

— दुसरी गोष्ट कोणती? काई नाई. म्हणली काय मी, दुसरी? …तुमी लय बारीक ऐकता. दहिवर कवापर्यंत राहते, सांगा बरं? दिवस उगवला का सरते. हातभर ऊन आलं का पाहा गवतावर, होतं का नव्हतं. हे मले नाव ठेवताना नाई सुचलं! मी आपली सटवाईले फसवण्यात गुंग. अन् नाव कानात सांगून झाल्यावर, सकाळी परसात गेली, तर ऊन आलेलं, अन् माह्या डोळ्यासमोर तुळशीच्या पानावरचं थेंब-थेंब दहिवर सरून गेलं. सटवाईले वाचता येत नसंन, पण सूर्याले तर येते ना? बदलाचं कसं, नाव कानात पडून गेलेलं. तवापासून, जी, चार वर्षं, एक पहाट चुकली नाई. उजाडाच्या आत उठते, पाय न वाजवता जाते, अन् पोट्टीच्या नाकापाशी हात धरते. ऊन दारात येईस्तवर तसाच. गरम श्वास लागला का मंग मी उठते अन् झाडाले घेते. सूर्यभानले मालूम नाई. सुभद्राले तर बिलकुल नाई, तिच्या कानावर ‘दहिवर’ आलं तर ते बाई जिती राहणार नाई, मले माहीत हाये. म्हणून सांगून राहिली, तुमी तिले विचारू नका, अन् कागदावर अर्थ लिहू नका. नाव लिहा, बापाचं नाव सूर्यभान, वय चार. खोटं काईच नाई यात. खोडू नका जी माह्या पोट्टीले. कागदावर बी खोडू नका.

— काय? काय झालं, असे काहून पाहता मागं? …कोणं हाक मारली आता? परसातून? सुभद्रा पोट्टीले… नाई, तुमी चुकीचं ऐकलं. ते ‘रोसिया’ म्हणली असंन. पुन्हा… थांबा, चूप बसा…

‘दहिवर, ये मा, उन्हात ये, केस वाळव.’

सुभे! काय म्हणली तू? …मी घरात नाई वाटलं तुले? …तुले कोणं सांगितलं वं? कवा? …बावर्च्यानं? तो रुमाल द्याले आला तवाच? …पाचवीच्या बी पहिले? म्हणजे मी गारगोटी म्हणली, अन् तू… अन् तू ऐकून घेतलं? …चार वर्षं, मी घरात असली का रोसिया, नसली का दहिवर? …काय? …मोठ्यानं बोल, मले ऐकू… ‘आत्याबाई, तुमी पहाटे हात धरता तवा मी जागीच असते. डोळे मिटून घेते. तुमाले बरं वाटते म्हणून.’

अन् तू — तू बी मोजत राहते काय तिचे श्वास? …मंग सांगाचं नाई, बाई? दोघी जणी अंधारात अशा… एकीनं तरी निजाचं होतं ना वं…

— काय, कारकूनसाहेब? झालं लिहून? वाचा पाहू. रोसिया, बाप सूर्यभान, वय चार. तांबडी शाई नाई ना कुठं? बरं. मंग उठा आता. गूळ राहिला तो खिशात टाका. नाई, मी काई रडून राहिली नाई, चुलीचा धूर हाये. ऊन वर आलं, तुमाले अजून अर्धं गाव राहिलं हाये. पुढचं घर महादेवरावाचं, तिथं बी रोसियाच हाये. पण पाय पडते तुमच्या, तिथं अर्थ विचारू नका — तिथं मी काय सांगितलं, ते मलेच आठवत नाई. जा.